कुनोच्या सहलीवरील आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

मे महिन्यात आमच्या गाडीने आपण केलेल्या मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानाच्या सहलीबद्दलचा आपला अभिप्राय मी दोनदा वाचला. पहाटे ग्वाल्हेरहून निघूनही चित्ता दिसला नाही, जाहिरातीतली ‘निसर्गरम्य दरी’ वाटेत कुठे आलीच नाही, जंगल सगळे वाळलेले होते, उद्यानाचा अहेरा दरवाजा ठरलेला असताना टिकटोलीच्या दरवाजाला नेण्यात आले आणि चालकाने उठवलेल्या गावांच्या गोष्टी सांगून वेळ मारून नेली, असे आपले म्हणणे आहे. नाश्त्याची बेडई (डाळीचे सारण भरलेली पुरी) तेवढी आपल्याला आवडली; मिळालेला एक तारा बहुधा तिचाच असावा.

दरवाजाचा मुद्दा आधी घेतो, कारण तिथे चूक सर्वस्वी आमची आहे. डिसेंबर २०२४ पासून जे चित्ते बंदिस्त आवारातून मोकळ्या जंगलात सोडण्यात आले, त्यांतले पहिले काही अहेरा पर्यटन क्षेत्रात मोडणाऱ्या जंगलात सोडले गेले, आणि तेव्हापासून आमच्याकडे येणारा प्रत्येक जण अहेराच मागतो. आपल्या तारखेचा अहेराचा परवाना आम्हाला मिळाला नाही, म्हणून टिकटोलीचा घेतला. ही गोष्ट आदल्या रात्री एका ओळीच्या निरोपाने कळवून आम्ही मोकळे झालो. पुण्याहून ग्वाल्हेरला नातेवाइकांकडे आलेल्या माणसाला या दोन नावांतला फरक ठाऊक असण्याचे काही कारण नाही. आम्ही दूरध्वनी करून तो समजावून सांगायला हवा होता आणि सहल रद्द करण्याची मुभाही द्यायला हवी होती.

चित्त्याबाबत मात्र मी अर्धीच चूक स्वीकारतो. ‘चित्ता दिसेल’ असे वाक्य आमच्या जाहिरातीत नव्हते. परंतु वर भलेमोठे छायाचित्र चित्त्याचेच होते आणि न लिहिलेले वाक्य त्या छायाचित्राने पुरते सांगितले होते, हे मला मान्य आहे. वस्तुस्थिती अशी, की १७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियाहून आठ आणि १८ फेब्रुवारी २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते आणले गेले, त्यांतले बरेचसे दीर्घकाळ कुंपणाच्या आत होते, आणि जे मोकळे सुटले ते उद्यानाची हद्द ओलांडून शिवपुरी जिल्ह्यातही जाऊन आले. उद्यान सुमारे ७४८ चौरस किलोमीटरचे आहे. त्यात एका सकाळच्या फेरीत चित्ता गाठ पडणे हे नशिबाचे काम असते, आणि नशिबाचे भाडे आम्ही आकारत नाही.

आता दरी. आपण लिहिले आहे, की डोळ्यांसमोर खंडाळ्याचा घाट होता आणि प्रत्यक्षात सपाट रस्ता निघाला. हा घोटाळा आमच्या शब्दाने केला. कुनोला खोरे आहे. सह्याद्रीत जिला आपण दरी म्हणतो, तशी उभ्या कड्यांची दरी या रस्त्यावर नाही. सेसईपुऱ्याजवळ पुलावरून आपण जी नदी ओलांडली तीच कुनो. ती दक्षिणेकडून उत्तरेकडे उद्यानाच्या मधून वाहत पुढे चंबळेला मिळते, आणि पालपूरची जुनी गढी तिच्याच काठावर उभी आहे. जाहिरात लिहिताना ‘खोरे’ हा शब्द रुक्ष वाटला म्हणून माझ्या पुतण्याने ‘दरी’ केले आणि मी ते न वाचता पुढे पाठवले.

जंगल वाळलेले होते हे खरे, पण ते मेलेले नव्हते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना राखाडी काटक्यांसारखी जी झाडे आपल्याला दिसली त्यांत करधई पुष्कळ आहे, आपल्या धावड्याच्या जवळचे झाड. मे महिन्यात ते पाहून कोणीही जळाऊ लाकूड म्हणेल. मात्र पावसाचा पहिला थेंब पडण्याआधीच, नुसत्या हवेतल्या ओलाव्याने ते हिरवे होऊ लागते. मी स्वतः जूनच्या शेवटच्या आठवड्यात, उद्यान पावसाळ्यासाठी बंद होण्याच्या बेतात असताना, मुद्दाम ते पाहायला जातो. मे महिन्यात येणाऱ्यांना आम्ही हे आधी सांगत नाही, कारण सांगितले तर मे महिन्यात कोणी येणार नाही, हेही इथे कबूल केलेले बरे.

चालकाच्या गोष्टींविषयी आपल्याशी सहमत होता येत नाही. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढच्या काही वर्षांत या जंगलातली २४ गावे, बहुतेक सहरिया आदिवासींची, बाहेर वसवण्यात आली, ती गीरचे सिंह आणण्यासाठी. एप्रिल २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सिंह हलवण्याचा आदेशही दिला. सिंह आले नाहीत, आला तो चित्ता. (विसाव्या शतकाच्या आरंभी ग्वाल्हेरचे तेव्हाचे संस्थानिक, आमचे माधव महाराज शिंदे, यांनीही आफ्रिकेतून सिंह आणवून या मुलखात सोडून पाहिले होते आणि तोही बेत फसला होता, ग्वाल्हेरच्या मराठी घरांत ही हकीकत अजून चवीने सांगितली जाते.) आपण ज्या मोकळ्या गवताळ मैदानांवर चितळांचे कळप पाहिले, ती त्या गावांची जुनी शेते आहेत. चालक त्याच भागातला आहे. त्याला गप्प बसायला मी सांगणार नाही. ऐकायचे नसल्यास गाडीत तसे म्हणावे, तो मनावर घेणार नाही.

परवान्याचे शुल्क वनखात्याकडे जमा झालेले असल्याने ते परत करणे आमच्या हाती नाही. गाडीभाड्याची निम्मी रक्कम मात्र आपण ज्या खात्यातून भरणा केला होता त्याच खात्यात आज पाठवली आहे. जाहिरातीतला ‘दरी’ हा शब्द आणि चित्त्याचे छायाचित्र काढले असून त्या जागी पालपूरच्या गढीखालच्या नदीचे छायाचित्र लावले आहे. पुतण्याला ते फिके वाटते.

आपला,
संचालक, ग्वाल्हेर