खुलासा : नोबुनागा आणि हिदेयोशी शोगुन नव्हते

‘जपानचे तीन शोगुन : नोबुनागा, हिदेयोशी, इएयासु’ असा मेसेज फिरतोय. (शोगुन म्हणजे सम्राटाच्या नावानं देश चालवणारा लष्करी प्रमुख; हे तिघं सोळाव्या शतकाच्या सुमाराचे बडे सरदार.) मागे मीही तो पुढे ढकलला होता, म्हणून हा खुलासा.

तिघांपैकी शोगुन झाला एकटा तोकुगावा इएयासु, १६०३ मध्ये. शोगुनांची यादी नीट पाहिली तेव्हा चूक कळली : इएयासुच्या आधीचं नाव आशिकागा योशिआकीचं, आशिकागा घराण्याचा पंधरावा आणि शेवटचा शोगुन. नोबुनागानं त्याला १५७३ मध्ये राजधानी क्योतोतून हाकललं, पण पद स्वतः घेतलं नाही. योशिआकीनं ते रीतसर सोडलं १५८८ मध्ये. तोवर नोबुनागाला जाऊन सहा वर्षं झाली होती.

हिदेयोशी १५८५ मध्ये कांपाकु झाला, म्हणजे सम्राटाचा मुख्य कारभारी. साध्या घरातल्या या माणसाला त्यासाठी दरबारी कोनोए घराण्यात दत्तक जावं लागलं! १५९८ मध्ये तो वारला, तेव्हा वारस हिदेयोरी पाच वर्षांचा. त्याला सांभाळण्याची शपथ पाच बड्या सरदारांनी घेतली होती, त्यातलाच एक इएयासु. त्याच इएयासुच्या फौजेनं १६१५ मध्ये ओसाकाचा किल्ला पाडला. हिदेयोरीनं तिथंच जीव दिला.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ग्रुपवर टाकला असेल तर त्याखाली ही दुरुस्ती टाका.