कोरियन पोरींचे पंखे आणि आमच्या सोसायटीतली लावणी

गणपतीत आमच्या पुण्याच्या सोसायटीत सात वर्षांच्या पोरीला सिनेमातल्या लावणीवर नाचवलं आणि फॅमिली ग्रुपवर दोन दिवस भांडण. मावशी म्हणे लेकराला डोळा मारायला काय शिकवता, वहिनी म्हणे अहो नुसता डान्स आहे तो, आणि मग दादाने लिटल एंजल्स या कोरियन मुलींच्या नाचपथकाचा व्हिडिओ टाकला, हानबोक म्हणजे तिकडचा पारंपरिक पोशाख घातलेल्या पोरी, हातात मोठे गुलाबी पंखे, सगळ्यांचे पंखे जुळून एक फूल उमलतं तो. खाली "याला म्हणतात संस्कृती जपणं. तू तिथेच आहेस ना, सांग यांना!"

आता मी कोरियात राहते म्हणून मला टॅग केलंयच तर सांगते, पण दादाला आवडेलच असं नाही.

एक तर तो पंख्यांचा नाच पुरातन वगैरे नाही. किम बेक-बोंग नावाच्या नर्तकीने तो 1954 मध्ये स्टेजसाठी बसवला, म्हणजे आमच्या काकांपेक्षा लहानच. जुन्या नाचांतून उचललेलं आहे त्यात बरंच, पण आज दिसतो तो तिचा. आणि लिटल एंजल्स 1962 चं, कोरियन युद्ध थांबून दहा वर्षंही झाली नव्हती, जगाला कोरिया म्हटलं की अनाथ भुकेली पोरं आठवायची, ते चित्र पुसायला लहान मुलींना तयार करून परदेशी पाठवायचं ही आयडिया. ती होती युनिफिकेशन चर्च नावाचा धर्मपंथ काढणाऱ्या मून सन-म्युंग यांची, ज्यांच्यावरून इथे आजही वाद होतात. 1971 ला लंडनमध्ये इंग्लंडच्या राणीसमोर, 1973 ला यूएनमध्ये, 1998 ला चक्क प्याँगयाँगला जाऊन नाचल्या. म्हणजे घरच्यांसाठी कमी, पाहुण्यांसाठी जास्त. मी सोलला त्यांच्या थिएटरमध्ये बघितलंय, ढोलांचा नाच सुरू झाला तेव्हा अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू, पण सगळ्यांच्या चेहऱ्यावर शेवटपर्यंत तेच एक हसू, मोजून दिल्यासारखं, ते मला घरी येईपर्यंत टोचत राहिलं.

आणि इथली बाकीची पोरं? के-पॉप! आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टसमोर रोज रील चालू असतात.

पण एक गोष्ट मात्र खरंच शिकण्यासारखी वाटली आणि ती त्या व्हिडिओत नाहीये. माझी लेक बालवाडीत असताना त्यांच्या स्पोर्ट्स डेला कोक्दुगाक्सी नावाचा नाच होता, चिमुकली नवरा-नवरी, नवरीच्या गालांवर लाल टिकल्या, ती लाजते, तो तिच्यामागे फिरतो. विषय तोच हो, नटणं, लाजणं, खोड्या काढणं. पण कुणालाही वावगं वाटलं नाही कारण तो पोरांच्याच मापाने शिवलेला आहे. मोठ्यांचा ब्लाउज टाचण्या लावून पोरीला घातलाय असं दिसत नाही. मावशीला नेमकं हेच म्हणायचं होतं, तिने फक्त ओरडून म्हटलं. आणि लावणी वाईट म्हणून नाही हं, लावणी उत्तम, ती मोठ्या बाईने करावी, सगळा अर्थ समजून.

आपल्याकडे पोरींच्या मापाचं नाही का? भोंडला आहे, झिम्मा, फुगडी, कोंबडा. इथे चुसोकच्या, म्हणजे सुगीच्या सणाच्या, पौर्णिमेला बायका हात धरून रिंगण करतात, गांगगांगसुल्ले म्हणतात त्याला, एक गाणार बाकीच्या मागून म्हणणार, मधेच दाराचा खेळ, चटई गुंडाळायचा खेळ, अगदी आपल्या मंगळागौरीसारखं. सरकारने 1966 मध्येच त्याला वारसा म्हणून मान्यता दिली, पण मला कौतुक त्याचं नाही, तो शाळेत शिकवतात त्याचं आहे. आपण काय केलं, तर झिम्मा-फुगडी दिली चाळिशीच्या बायकांच्या ग्रुपला, एकसारख्या नऊवाऱ्या नेसून स्पर्धेसाठी, आणि लावणी दिली सात वर्षांच्या पोरीला. अदलाबदल झालीये नुसती!

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. दादाने अंगठा दिला, बास. मग मी वहिनीच्या पोरीला व्हिडिओ कॉलवर म्हटलं, आम्ही दिवाळीत येऊ तेव्हा माझ्या लेकीला फुगडी शिकव गं. तर म्हणते, "आत्या, मलाच नाही येत, तू शिकव ना." आणि मला तरी कुठे धड येते, चार गिरक्यांत गरगरायला लागतं.