‘गेम आहे, गेमसारखा खेळा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

‘रेसिडेंट ईव्हिल ५’ या व्हिडिओ गेममध्ये गोरा नायक आफ्रिकेतल्या झोम्बी झालेल्या गावकऱ्यांना मारत सुटतो, त्या चित्रणात वंशद्वेष आहे, असं म्हणणाऱ्या माझ्या लेखावर तुम्ही वेळ काढून एवढं लिहिलंत, त्याबद्दल आधी मनापासून आभार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: झोम्बी मारण्यात वंशद्वेष कसला? ‘रेसिडेंट ईव्हिल ४’मध्ये स्पेनमधले गावकरी मारले तेव्हा कोणी हूं की चूं केलं नाही. नायकाची आफ्रिकी साथीदार शेवा, तिचं नाव मी सोयीस्करपणे टाळलं. कंपन्या खपतं तेच विकतात. आणि ज्यांना खुपतं त्यांनी स्वतः गेम बनवून दाखवावा. ‘गेम आहे, गेमसारखा खेळा,’ अशी तुमची शेवटची ओळ होती.

स्पेनचा मुद्दा यात सगळ्यात भक्कम आहे. खेळ म्हणून पाहिलं तर दोन्ही गेम सारखेच: परजीवीने पछाडलेला गाव, हातात कोयते-कुऱ्हाडी, अंगावर येणारा जमाव आणि बंदूक घेतलेला एकटादुकटा गोरा नायक. फरक आहे तो त्या चित्राच्या मागे काय उभं आहे, यात. स्पेनमधला शेतकरी माणसापेक्षा खालचा प्राणी आहे असं सांगून कोणी त्याला जहाजात कोंबून विकलं नव्हतं. आफ्रिकेतल्या माणसाच्या बाबतीत नेमकं तेच सांगितलं गेलं, शतकानुशतकं. रानटी जमावाला वठणीवर आणणारा गोरा शिकारी ही प्रतिमा हा गेम बनवणाऱ्या कॅपकॉम कंपनीच्या कितीतरी आधीपासून वापरून वापरून गुळगुळीत झालेली आहे. २००७ साली आलेल्या ‘रेसिडेंट ईव्हिल ५’च्या ट्रेलरबद्दल बोलताना ‘न्यूजवीक’चे पत्रकार एन’गाय क्रोल यांनी बोट ठेवलं ते इथेच. त्यांचा आक्षेप फक्त झोम्बींना मारण्यावर नव्हता. लागण व्हायच्या आधीच तिथली साधी माणसं धोकादायक म्हणून दाखवली आहेत, असं त्यांचं म्हणणं होतं. ट्रेलर पुन्हा बघा. गल्लीत उभी असलेली, नुसती वळून बघणारी माणसंसुद्धा आपल्याला घाबरायला लावतात.

आणि हेही क्षणभर बाजूला ठेवू. गेम आजच्या काळात घडतो. मग पुढे दलदलीतल्या वस्तीत गवताचे घागरे नेसलेले, मुखवटे घातलेले, भाले फेकणारे लोक कशासाठी? गेममधल्या एका डायरीत त्याचं कारण दिलेलं आहे, हे मला माहीत आहे. पण ती डायरी त्या गावातल्या कोणी लिहिलेली नाही, गेम बनवणाऱ्यांनीच लिहिली आहे. आधी भाला हातात दिला आणि मग त्याला कारण शोधलं, असंच मला ते वाचताना वाटलं.

शेवा अलोमारचं मात्र तुमचं बरोबर आहे. ती पश्चिम आफ्रिकेची, तरबेज, नायक ख्रिसच्या बरोबरीने लढणारी आहे आणि तिचा उल्लेख माझ्याकडून राहायला नको होता. पण शेवाकडे बघायचं तर नीट बघू. गेम खेळत गेलं की जादा पोशाख मिळतात. ख्रिसच्या वाट्याला येतो ‘सफारी’, म्हणजे गोऱ्या शिकाऱ्याचा वेश. शेवाच्या वाट्याला ‘ट्रायबल’, म्हणजे आदिवासी: जेमतेम कापड आणि उघड्या अंगावर रंगाचे पट्टे. सैनिकी प्रशिक्षण घेतलेल्या बाईसाठी बक्षीस म्हणून कोणाला तरी हे सुचलं, बाकीच्यांनी ते मान्य केलं. वंश आणि बाईपण हे दोन वेगळे प्रश्न आहेत असं मी आधी धरून चालले होते. हा पोशाख पाहिल्यावर ते धरता येईना.

लहानपणी आमच्या गल्लीतल्या गेम पार्लरमध्ये ‘स्ट्रीट फायटर २’ होता. त्यात आपला म्हणावा असा एकच, धालसिम. गळ्यात कवट्यांची माळ, तोंडातून आग, रबरासारखे लांब होणारे हात. भावाचे मित्र त्याला हौसेने निवडायचे आणि मीही निवडायचे, कारण दुसरा कोणी नव्हताच. त्याची मजा यायची, हे मी नाकारत नाही. पण पार्लरबाहेरचा भारत मला ठाऊक होता, म्हणून धालसिमने माझं काही बिघडवलं नाही. ज्या मुलाने भारत फक्त त्या पडद्यावर पाहिला, त्याच्याकडे ती ढाल नव्हती. आफ्रिकेच्या बाबतीत आपण बहुतेक सगळे त्या मुलाच्या जागी आहोत.

आता ‘खपतं तेच विकतात’. २०१४ मध्ये ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ या गेममध्ये मित्रांबरोबर एकत्र खेळताना स्त्री पात्र का घेता येत नाही, असं विचारल्यावर तो बनवणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीकडून उत्तर आलं की अ‍ॅनिमेशनचं काम फार वाढलं असतं. याच मालिकेवर आधी काम केलेले अ‍ॅनिमेटर जोनाथन कूपर म्हणाले, हे एक-दोन दिवसांचं काम आहे. पुढे २०२० मध्ये ब्लूमबर्गने दिलेल्या वृत्तानुसार याच मालिकेतल्या ‘ओडिसी’त मुळात कासांड्रा हीच एकटी नायिका असणार होती. स्त्री नायिका खपत नाही, असं वरून सांगण्यात आलं आणि अलेक्सिऑस या पुरुष पात्राचा पर्याय आला. ‘टूम्ब रेडर’ गेमची नायिका लारा क्रॉफ्ट १९९६ पासून लाखोंनी खपत होती, तरी हे सांगितलं गेलं. म्हणजे खपतं की नाही हे बाजाराने ठरवलंच नाही. बाजारात माल जायच्या आधीच चार माणसांनी बैठकीत ठरवलं. ते खेळणाऱ्यांच्या नावावर खपवू नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

बंदी मला नको आहे. मी स्वतः हा गेम दोनदा पूर्ण केला आहे आणि पुन्हा खेळेन.

बनवून दाखवण्याचं म्हणाल, तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने ‘राजी’ हा गेम बनवून दाखवला आहे. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला, शोधणारी मुलगी, हातात दुर्गेने दिलेला त्रिशूळ. २०१७ मध्ये लोकवर्गणी जमवण्याच्या किकस्टार्टर या संकेतस्थळावर त्यांना हवे तेवढे पैसे जमले नाहीत. तरी २०२० मध्ये गेम आला. तुम्ही खेळला नसेल तर जरूर खेळा आणि कसा वाटला ते इथेच लिहा, टीका असली तरी.

शेवाबद्दलचा परिच्छेद मूळ लेखात आज जोडला आहे. तुमच्या प्रतिक्रियेमुळे जोडला, अशी नोंदही तिथे केली आहे.