वारसांनो, आधी कावळ्याला नमस्कार करा

रामकुंडावर बाबांच्या पिंडाला कावळा दहा मिनिटांत शिवला. यापुढे एवढ्या झटपट काहीच होणार नाही, हे तेव्हाच ओळखायला हवं होतं. वारसाच्या कागदांपायी चार महिने चपला झिजवून मिळवलेलं ज्ञान फुकट वाटतो आहे. नाशिकच्या सीबीएस बसस्टँडला, कोर्टाबाहेर भेटलात तर चहा तेवढा पाजा.

मरायच्या आधी आपलं नाव एकच ठरवा. आमच्या बाबांनी इथेच हयगय केली. आधारवर दत्तात्रय, सातबाऱ्यावर दत्तू, पासबुकात डी. के. आणि मृत्यूच्या दाखल्यावर दत्तात्रेय. एक मात्रा जास्त! "हे सगळे एकच कशावरून?" करा प्रतिज्ञापत्र, गाठा नोटरी. ते घेऊन गेलो तर साहेब बदललेले. नव्या साहेबांना 'उर्फ' हवं होतं. पुन्हा स्टॅम्प, पुन्हा नोटरी. आणि तिकडे रामकुंडावर आमच्या गुरुजींनी फडक्यातली वही सोडली, निफाडकडचं गाव विचारलं आणि पणजोबांच्या मोडीतल्या सहीपासून आख्खं घराणं काढून दाखवलं. झेरॉक्स न मागता!

सातबाऱ्याला वारस लावायचेत? 3 महिन्यांत कळवा, असं कायदा सांगतो. तलाठी भाऊसाहेब जागेवर कधी असतात, ते सांगत नाही.

बहिणीला हक्कसोडच्या सहीला भाऊबीजेच्या आसपास बोलवा. साडीत भागतं.

मृत्युपत्र असेल तर "प्रोबेट आणा", म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाची मोहोर आणा, म्हणणारा एक तरी भेटेलच. त्याची सक्ती नाशिकला कधीच नव्हती, हे त्याला सांगू नका. वाईट वाटतं.

नॉमिनी लावून निर्धास्त झोपा. बाबा तसेच झोपले. आईचं नाव लावलेलं, तरी बँकेत "कोर्टातून सक्सेशन सर्टिफिकेट आणा". आई 74 वर्षांची. पासबुक साडीच्या दुकानाच्या पिशवीत धरून दीड तास उभी. हात थरथरला, तर म्हणे सही जुळत नाही.

अहो साहेब, नॉमिनी असेल तर ते सर्टिफिकेट मागायचंच नाही, रक्कम कितीही असो, असं रिझर्व्ह बँकेनं लिहून दिलंय. कागद पोचले की 15 दिवसांत पैसे द्यायचेत. नॉमिनी मालक नसतो, वारसांचा विश्वस्त असतो, हे मला शिकवू नका. वाटण्या आमच्या आम्ही बघू. तुम्ही रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक वाचा. म्हाताऱ्या माणसाला खुर्ची द्या. आणि काउंटरवरून "मयताची बायको कोण?" असं पुन्हा ओरडू नका. तिला नाव आहे. तुमच्याच फॉर्मवर, नॉमिनीच्या रकान्यात लिहिलंय.