सव्वाआठशे मिलिमीटर

लहानपणापासून मला सगळ्यांनी एकच उपदेश केला : पाय जमिनीवर असू देत. परीक्षेत बरे गुण पडले तेव्हा केला, नोकरी लागली तेव्हा केला, बढती मिळाली तेव्हाही केला. मी तो इतका मनावर घेतला की चाळीस वर्षं माझे पाय जमिनीवरून हलले म्हणून नाहीत. मग मी मोटारसायकल घेतली.

माझी उंची पाच फूट दोन इंच. सेंटीमीटरमध्ये १५७ होते आणि आकडा तीन अंकी झाल्यामुळे जरा बरं वाटतं. गाडीच्या सीटची उंची ८२५ मिलिमीटर. हा आकडा माहितीपत्रकात छापलेला होता आणि मी तो वाचलाही होता, पण मिलिमीटर हे एकक माणसाच्या डोळ्यांत धूळ फेकण्यासाठीच काढलेलं असावं. सव्वाआठशे मिलिमीटर म्हणजे किती, हे ज्यांना समजून घ्यायचं असेल त्यांनी स्वयंपाकघरात जावं, ओट्यावर घोड्यावर बसतात तसं बसावं आणि दोन्ही पाय फरशीला टेकवून दाखवावेत.

दुकानात मी गाडीवर बसून पाहिलं नव्हतं असं नाही. बसलो होतो. पण गाडी साइड स्टँडवर होती. साइड स्टँडवरची गाडी डावीकडे कललेली असते, त्यामुळे डावा पाय झक्क टेकतो. उजवा कुठे लोंबकळतोय याची चौकशी मी केली नाही. विक्रेता म्हणाला, "सर, सवय होईल." कोणाला, ते त्याने सांगितलं नाही.

चालती गाडी कोणाची उंची विचारत नाही, हे तिच्या बाजूने सांगायलाच हवं. वेग घेतला की ती स्वतःला सावरते आणि वरचा माणूस साडेचार फुटी आहे की साडेसहा, याच्याशी तिला कर्तव्य नसतं. प्रश्न थांबताना येतो. पहिल्याच सिग्नलला मी ऐटीत ब्रेक दाबला आणि डावा पाय खाली सोडला. तिथे रस्ता नव्हता. म्हणजे होता, पण बाकीच्या रस्त्यापेक्षा चार बोटं खाली होता. चवडा हवेत चाचपडला आणि गाडी कलायला लागली. गाडी थोडीशी कलली असेल तर मांडीच्या जोरावर परत उभी करता येते. एका हद्दीपलीकडे गेली की तिचे १९० किलो आणि माझे ५८ यांच्यात चर्चेला जागा उरत नाही. उभी गाडी पडते तीही धाडकन नाही, सावकाश पडते, चारी बाजूंच्या वाहनचालकांना नीट बघता यावं इतक्या सावकाश.

पडलेली गाडी उचलायची एक रीत आहे. गाडीकडे पाठ करायची, ढुंगण सीटच्या कडेला लावायचं, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची दांडी धरायची आणि पायांचा जोर लावत लहान लहान पावलं मागे टाकायची. गाडी गिअरमध्ये असावी, म्हणजे घरंगळत नाही. उजवीकडे पडली असेल तर आधी साइड स्टँड उघडून ठेवावा, नाहीतर उचललेली गाडी पलीकडे जाऊन पडते. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी मी तिला समोरून मिठी मारली आणि सिग्नल दोनदा हिरवा होऊन गेला तरी आम्ही तसेच होतो.

मित्राला सांगितलं. तो सहा फूट उंच. म्हणाला, "अरे, एक पाय टेकला की पुरे असतं." हे सांगताना तो माझ्याच गाडीवर बसलेला होता आणि त्याचे दोन्ही पाय टेकलेले होते, गुडघ्यात वाकवून.

शेवटी मेकॅनिककडे गेलो. पंचविशीतला पोरगा, पण हात सरावलेला. त्याने आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा गाडीकडे. "काका, तुमची उंची वाढवून मिळणार नाही. गाडीची कमी करू." मग म्हणाला की नुसत्या उंचीवरून काही कळत नाही, पायाचं आतल्या बाजूचं माप आणा. सारख्याच उंचीच्या दोघांपैकी एकाचा धडाचा भाग लांब असतो, एकाचे पाय. देवाने मला उंची कमी दिलीच, शिवाय दिली तीही कमरेच्या वर खर्च केली.

हे माप घ्यायचं म्हणजे अनवाणी भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, एक जाड पुस्तक दोन्ही मांड्यांमध्ये घट्ट वर सरकवायचं आणि त्याच्या वरच्या कडेशी भिंतीवर खूण करायची. मी शब्दकोश घेतला. त्याचा इतका थेट उपयोग मला आयुष्यात झाला नव्हता. बायकोने पेन्सिलीने खूण केली. ७१ सेंटीमीटर. ती खूण अजून भिंतीवर आहे आणि घरी येणाऱ्यांना ती मुलाची वाटते. "किती भराभर वाढतात ना," असं एक बाई परवा म्हणाल्याही.

साडेब्याऐंशीतून एकाहत्तर गेले, उरले साडेअकरा. शिवाय सीट रुंद असेल तर पायांना आधी बाजूला जावं लागतं आणि मग खाली, म्हणजे तिथेही दोन बोटं जातात. "साडेअकरा सेंटीमीटर खाली आणू?" मी विचारलं. "मग तिला ढकलगाडी म्हणावं लागेल," तो म्हणाला.

सुरुवात बिनखर्चाच्या उपायाने झाली. मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगला खाचांची एक कडी असते. वाकड्या पान्याने ती फिरवली की स्प्रिंग आवळते किंवा सैल होते. सैल केली की आपण बसल्यावर गाडी जास्त दबते. माणूस बसल्यावर शॉकअपने आपल्या एकूण हालचालीच्या साधारण एक तृतीयांश दबावं, असा ठोकताळा आहे. कडी तिसऱ्या खाचेवर होती, आम्ही थेट पहिलीवर आणली. गाडी नम्र झाली. पण मागून बसलेली गाडी पुढून नाक वर करते. त्या रात्री माझा हेडलाइट रस्त्याऐवजी दुसऱ्या मजल्यांवरच्या खिडक्यांत पडत होता आणि प्रत्येक खड्ड्याला शॉकअप तळाला जाऊन 'ठण्ण' करत होता. दुसऱ्या दिवशी तडजोड म्हणून कडी दुसऱ्या खाचेवर आणली. ही दुसरी खाच लक्षात ठेवा.

मग सीट. सीटवाल्याने रेक्झिन सोललं आणि पेनाने फोमवर रेघा मारल्या. इथे मला एक शहाणपणाची गोष्ट कळली : नुसती जाडी कमी करण्यापेक्षा मांड्यांजवळची रुंदी छाटली तर पाय सरळ खाली जातात आणि फायदा जास्त होतो. त्याने रुंदी छाटली. तिथेच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण मी म्हणालो, "वरूनही काढा की जरा." त्याने तीन सेंटीमीटर काढले. फोम ही काय चीज आहे, ते तो गेल्यावर कळतं. पहिल्याच अर्ध्या तासाच्या प्रवासात सीटखालच्या प्लास्टिकच्या पाटीची आणि माझी प्रत्यक्ष ओळख झाली. घरी आल्यावर मी बराच वेळ उभ्याने पेपर वाचला. मग जेलची गादी बसवून घेतली, ती दीड सेंटीमीटर जाड. तीन काढले, दीड भरले, पैसे साडेचार सेंटीमीटरचे गेले.

खरी मजा पुढे आहे. शॉकअपच्या खालच्या जोडणीत दोन छोट्या पट्ट्या असतात. हाडकासारख्या दिसतात म्हणून त्यांना डॉगबोन म्हणतात. माझ्या गाडीत त्या जागी जरा लांब पट्ट्या घातल्या की मागची बाजू खाली येते. आमची आली, २५ मिलिमीटर. मी आनंदाने एक चक्कर मारली आणि परत आलो ते वळण हुकवूनच. मागची बाजू बसली, पुढची तशीच राहिली, त्यामुळे पुढच्या फोर्कचा, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांचा, तिरकसपणा जास्त झाला होता आणि हँडल जड. गाडीला वळ म्हटलं की ती विचार करून वळत होती. उपाय म्हणून पुढचे फोर्क वरच्या पकडीतून २० मिलिमीटर वर सरकवले, म्हणजे पुढची बाजूही खाली आली. आणखी सरकवा म्हटलं तर मेकॅनिकने हात जोडले. फोर्क पूर्ण दबला की चाक वर जाऊन धडकेल. मग चेन तपासावी लागली, कारण मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा कोन बदलला की चेनचा ताणही बदलतो. मग गतिरोधकांनी गाडीचं पोट खरवडायला सुरुवात केली. मग एका वळणावर पायाखालची दांडी रस्त्याला घासली आणि तिच्या ठिणग्या पाहून माझ्या मागून येणारा इतका घाबरला की तो अजून मागेच असेल.

आणि साइड स्टँड! गाडी खाली आली, स्टँडची लांबी मात्र तेवढीच. त्यामुळे गाडी स्टँडवर कलायची थांबली. राष्ट्रगीत लागल्यासारखी सरळ उभी राहायला लागली. दिसायला छान, पण जोराचा वारा आला किंवा कोणी शेजारून शिंकलं तरी उजवीकडे जाईल अशी. एका सकाळी गेलीच, शेजाऱ्यांच्या सायकलवर. वेल्डिंगवाल्याने स्टँड कापून मधला तुकडा काढला आणि जोडून दिला. आता गाडी इतकी कलली की कोपऱ्यावर टपोरी पोरगं उभं राहतं तशी दिसायला लागली, आणि तिला सरळ करायला ज्या पायांचा जोर हवा ते पाय तर माझेच. मी परत गेलो. वेल्डिंगवाल्याने त्याच लोखंडाचा अर्धा तुकडा परत जोडला आणि म्हणाला, "मोजून आणत जा."

मध्ये मी जाड तळव्याचे बूटही घेतले. दोन सेंटीमीटर मिळाले. पण बुटाचं नाक गिअरच्या दांडीखाली जाईना, म्हणून दांडी सोडवून एक दात वर बसवावी लागली.

२०२१ मध्ये हार्ले-डेव्हिडसनने पॅन अमेरिका नावाची गाडी आणली. तिच्या वरच्या मॉडेलमध्ये अशी सोय मिळते की थांबायची वेळ आली की गाडी आपणहून खाली बसते आणि निघालं की पुन्हा वर येते, उंट बसतो-उठतो तशी. मी ही बातमी मोठ्या उत्साहाने मेकॅनिकला दाखवली. त्याने ती शांतपणे वाचली, हात पुसले आणि म्हणाला, "काका, पाना द्या तो."

एवढ्या सगळ्यानंतर माझे दोन्ही चवडे टेकतात. टाचा नाहीत. बाकीचं मी शिकलो. थांबताना एका बाजूने सीटवरून अर्धा उतरतो, डावा पाय पूर्ण टेकवतो, उजवा मागच्या ब्रेकवर ठेवतो. मागून पाहणाऱ्याला वाटतं, याचं काहीतरी दुखतंय. थांबायच्या आधी रस्ता वाचतो : वाळू, तेल, झाकण, उतार. दिसली तर फुटपाथची कड पकडतो. उताराकडे तोंड करून गाडी कधीच लावत नाही, कारण ती मागे घेणं माझ्या चवड्यांच्या आवाक्याबाहेरचं आहे. होंडाच्या गोल्ड विंगला रिव्हर्स असतो म्हणे. मला उतरून, कमरेचा धक्का देत गाडी मागे घ्यावी लागते. बघे विचारतात, "बंद पडली का?" मी हो म्हणतो.

बायकोने मात्र या काळात मागे बसायला ठाम नकार दिला होता. "तुझे पाय टेकले की सांग," एवढंच म्हणाली. शेवटी एका रविवारी तयार झाली. मी आधी बसलो, स्टँड खाली ठेवला, श्वास धरला, म्हणालो, "ये." ती बसली. आणि चमत्कार झाला. माझ्या टाचा टेकल्या. दोन्ही! त्या भरात मी तोंडातून बोलून गेलो, "तू मागे असलीस ना, की माझे पाय जमिनीवर राहतात."

पंधरा वर्षांच्या संसारात माझ्या तोंडून इतकं चांगलं वाक्य तिने ऐकलं नव्हतं. घर दोन दिवस वेगळंच होतं. तिने बहिणीला फोन करूनही सांगितलं. मी खुलासा केला नाही.

खुलासा मेकॅनिकने केला. चेनला तेल घालायला गेलो तेव्हा बायको सोबत होती आणि मी तिच्यासमोर सहज म्हणून गेलो की मागे कोणी बसलं की टाचा टेकतात. तो कौतुकाने म्हणाला, "टेकणारच. काकूंच्या वजनाने मागचा शॉकअप दबतो ना! आधी सांगितलं असतंत तर पट्ट्या बदलल्याच नसत्या."

परतीच्या वाटेवर ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला गजर झाला आणि ती फिरायला गेली. तिसऱ्या दिवशीही गेली. दोन महिने झाले, एक दिवस चुकलेला नाही. चार किलो कमी झालं, असं तिने परवा स्वतःहून सांगितलं. मी अभिनंदन केलं, मनापासून. पण त्याच संध्याकाळी सिग्नलला माझ्या लक्षात आलं की टाचा आणि रस्ता यांच्यामधून बोट जाईल इतकी फट पडली आहे.

दोघं बसणार असतील तर स्प्रिंग आवळावी, असा नियम आहे. तो मी घरात कोणाला सांगितलेला नाही. काल रात्री ती झोपल्यावर वाकडा पाना घेऊन हळूच खाली गेलो आणि कडी पहिल्या खाचेवर आणून ठेवली.