'व्हिडिओ गेम' म्हणणाऱ्या वाचकास

आपली प्रतिक्रिया तीनदा वाचली. रोबोटच्या डिजिटल ट्विनवरच्या, म्हणजे खऱ्या रोबोटच्या संगणकातल्या जुळ्या मॉडेलवरच्या, माझ्या लेखाबद्दल आपलं म्हणणं असं : घर्षण आणि गिअरमधला बॅकलॅश (दात्यांमधली ढिलाई) मॉडेलमध्ये नीट उतरत नाही, खर्चाचा हिशोब दिलेला नाही, नावाचा इतिहास चुकलाय, आणि शेवटी "कोल्हापुरात बसून व्हिडिओ गेमला संशोधन म्हणू नका."

इतिहासाचं मान्य. कल्पना मायकेल ग्रीव्ह्ज यांनी २००२ मध्ये मांडली. 'डिजिटल ट्विन' हे नाव नासाच्या जॉन व्हिकर्स यांनी २०१० मध्ये दिलं. मी दोन्ही एकाच वर्षात कोंबलं होतं. दुरुस्त केलंय, आभार.

पण ते शेवटचं वाक्य! बोलणं रोबोटचं, त्यात कोल्हापूर कशाला आणलंत? माझं लहानपण उद्यमनगरात, वडिलांच्या पॅटर्न शॉपमध्ये, म्हणजे ओतकामासाठी लाकडी नमुने बनवायच्या कारखान्यात गेलं. बीड (ओतीव लोखंड) थंड होताना आकसतं, म्हणून लाकडी पॅटर्न शेकडा एकच्या आसपास मोठा ठेवावा लागतो. पॅटर्न आणि कास्टिंग मापाला कधीच एक नसतात. फरक नेमका किती धरायचा, हीच त्या कारागिराची विद्या. वडिलांच्या कामाला कुणी खेळ म्हटलेलं मी ऐकलं नाही.

पुढे एका प्रयोगशाळेत सहा अक्षांच्या रोबोटवर चार वर्षं काढली. सुरुवातीला एकदा ट्विनमध्ये न तपासता प्रोग्रॅम थेट रोबोटवर सोडला. ग्रिपर (वस्तू पकडायचा पंजा) टेबलावर आदळून वाकला. चूक माझीच. त्यानंतर एकही हालचाल ट्विनमध्ये पाहिल्याशिवाय केली नाही. बरं, ट्विनचं काम तिथं संपत नाही. खऱ्या रोबोटच्या एन्कोडरचे (सांधा किती फिरला ते मोजणाऱ्या सेन्सरचे) आणि मोटरच्या करंटचे आकडे त्याच्याकडे सतत येत राहतात. नुसत्या सिम्युलेशनमध्ये हे नसतं. एकदा चौथ्या सांध्याचा करंट मॉडेलच्या अंदाजापेक्षा रोज थोडा थोडा वर जाऊ लागला. उघडलं तर गिअरबॉक्समधलं ग्रीस सुकलेलं. वाढलेलं घर्षण मॉडेलमध्ये नव्हतं, म्हणूनच तर ते उघडं पडलं! हे सगळं लेखात होतं. वाचलात तरी का तुम्ही?

खर्चाचं म्हणाल तर गॅझेबो हे रोबोट सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्यावर आणखी काय लिहायचं?

टीका जरूर करा. पण पुढच्या वेळी कोणता सांधा, किती भार, काय दिसलं, तेवढं लिहा. त्यावर मी रात्रभर बोलायला तयार आहे. गावावर मात्र जाऊ नका.