रडारवर दिसलं नाही म्हणून ते यान? लडाखच्या दिव्यांचा खोटा मेसेज

‘२०१२ मध्ये पँगाँग सरोवरावर आपल्या जवानांनी शंभराहून जास्त परग्रहावरची यानं पाहिली. रडारला ती दिसली नाहीत, म्हणजे ती धातूची नव्हती. ड्रोन पाठवला, त्यालाही ती गाठता आली नाहीत. शास्त्रज्ञ म्हणाले हे ग्रह नाहीत. मग सरकारने प्रकरण दाबलं.’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. घरच्या ग्रुपवर आला आणि खाली दहावीतला भाचा विचारतोय, ‘खरंय का हे?’ नाही, खरं नाही. ते दिवे म्हणजे गुरू आणि शुक्र हे ग्रह होते.

सगळ्यात चीड आणणारा मुद्दा रडारचा. रडार धातू शोधत नाही; ते रेडिओ लहरी सोडतं आणि वस्तूवर आपटून परत आलेला त्यांचा प्रतिध्वनी शोधतं. पाऊस काही धातूचा नसतो, तरी हवामान खात्याच्या रडारवर ढग दिसतातच. प्रतिध्वनी न येण्याचं साधं कारण म्हणजे वस्तू पल्ल्याबाहेर असणं. अंतर दुप्पट झालं की प्रतिध्वनी सोळाव्या हिश्श्यावर येतो. डोंगरावर नेलेल्या फिरत्या रडारचा पल्ला फार तर काहीशे किलोमीटर. डिसेंबर २०१२ मध्ये गुरू पृथ्वीच्या सगळ्यात जवळ होता, तेव्हाही तो ६० कोटी किलोमीटरांहून लांब होता. तिथे लहर जाऊन परत यायलाच तासाहून जास्त वेळ लागतो. रडारबरोबर नेलेल्या स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझरवर, म्हणजे रेडिओ लहरी टिपणाऱ्या यंत्रावर, काही सापडलं नाही, कारण तो ड्रोनचे रेडिओ संदेश शोधत होता. आणि ड्रोन कितीही उंच गेला तरी गुरू तेवढाच लांब राहणार! या तिन्ही गोष्टींवरून एवढंच ठरतं की तो दिवा जवळपासचा नव्हता.

‘ग्रह नाहीत’ हे शास्त्रज्ञांचं म्हणणं नोव्हेंबर २०१२ च्या बातम्यांत छापून आलं होतं, तेवढं मान्य. पण मेसेज तिथेच थांबतो. पुढे बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने जवानांच्या नोंदी तपासल्या. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात अशा ३२९ नोंदी झाल्या होत्या. एक दिवा संध्याकाळी सहाच्या सुमाराला उगवून पहाटे पाचपर्यंत दिसायचा. दुसरा पहाटे चारला वर यायचा आणि सकाळी अकराच्या सुमाराला पुसट व्हायचा. पहिला गुरू, दुसरा शुक्र. ३ डिसेंबरला गुरूची प्रतियुती होती, म्हणजे सूर्य मावळताना तो उगवणार आणि रात्रभर दिसणार. शुक्र त्या महिन्यांत पहाटेचा तारा होता. चार हजार मीटरांवरच्या विरळ, कोरड्या हवेत तो उजाडल्यावरही दिसत राहतो, फक्त कुठे पाहायचं ते माहीत हवं.

मग जवानांनी सांगितल्याप्रमाणे तो दिवा ‘हळूहळू सरकत’ का होता? पृथ्वी फिरते म्हणून. गुरू-शुक्रासारखे ग्रह आकाशात तासाला साधारण १५ अंश सरकतात, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीच्या दीडपट. शिवाय काळ्याकुट्ट अंधारात एकटाच दिवा टक लावून पाहिला तर तो जागचा हलल्याचा भास होतो.

जवान खोटं बोलत होते का? अजिबात नाही. जे दिसलं ते त्यांनी वेळेसकट लिहून ठेवलं, आणि त्याच वेळांवरून उत्तर निघालं. सीमेपलीकडून खरे ड्रोन उडतात, हेही खरं. म्हणूनच नोंद करण्याची रीत महत्त्वाची. वेळ, दिशा आणि क्षितिजापासूनची उंची दर अर्ध्या तासाने लिहायची, आणि जवळचा एखादा ठळक तारा धरून ठेवायचा. त्या हिवाळ्यात गुरू रोहिणीजवळ होता. रात्रभर दिवा आणि रोहिणी यांच्यातलं अंतर तेवढंच राहिलं तर तो ग्रह किंवा तारा. आठवडाभराने तो अर्धा तास आधी उगवला तर शंकेला जागाच नाही. ड्रोन ताऱ्यांबरोबर चालत नाही.

आणि ‘दाबलं’? संस्थेचे शास्त्रज्ञ तुषार प्रभू यांच्या नावासकट जुलै २०१३ मध्ये हे सगळं वर्तमानपत्रांत छापून आलं.